‘वुई’ म्हणजे आम्ही की आपण? डहाणू-तलासरीच्या नववीत डिस्टोपियन गोष्टी का शिकवाव्यात



दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात उताऱ्याखाली शेवटचा प्रश्न असतो ‘पर्सनल रिस्पॉन्स’चा. मराठीच्या पेपरात त्यालाच आपण स्वमत म्हणतो. दोनच गुणांचा प्रश्न, पण साऱ्या पेपरात मुलाला ‘तुला काय वाटतं?’ असं विचारणारा तोच. आता तुमच्याकडचा तपासलेला एखादा गठ्ठा काढून बघा. चाळीस पेपरांत या प्रश्नाची उत्तरं किती प्रकारची निघतात? बहुतेक वेळा दोन किंवा तीन. एक गाईडमधलं, एक फळ्यावर लिहून दिलेलं, आणि एक पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीचं. हल्ली मोबाइललाही उत्तर विचारता येतं, त्यामुळे घरून लिहून आणलेल्या वह्या तर आणखीच एकसारख्या झाल्या आहेत. स्वमत लिहायचं आहे आणि मत मात्र सगळ्यांचं एकच!

हा इंग्रजी कच्चं असण्याचा प्रश्न नाही, कारण मराठीच्या पेपरातही हेच होतं. मूल स्वतःचं वाक्य बोलायला बिचकतं. म्हणून माझं म्हणणं असं की नववी-दहावीच्या इंग्रजीत डिस्टोपियन गोष्टी शिकवाव्यात आणि आपल्या डहाणू-तलासरीत तर जरूर शिकवाव्यात. पण परदेशातल्या वर्गात त्या ज्या पद्धतीने शिकवल्या जातात तशाच उचलून आणू नयेत. का, ते पुढे सांगते.

डिस्टोपिया म्हणजे काय?

१५१६ मध्ये थॉमस मोरने ‘युटोपिया’ नावाचं पुस्तक लिहिलं. तेव्हापासून सगळं छान असलेल्या कल्पनेतल्या राज्याला युटोपिया म्हणतात. त्याच्या उलट ते डिस्टोपिया. आपल्या मुलांना सांगायचं तर एकीकडे रामराज्य आणि दुसरीकडे आजी सांगते ते कलियुगाचं वर्णन. फरक एवढाच की डिस्टोपियात सगळं वरवर छान चाललेलं दिसतं. रस्ते स्वच्छ, पोट भरलेलं, भांडण नाही. फक्त कुणालाही ‘मला असं वाटत नाही’ म्हणायची सोय नाही.

या प्रकारातली काही पुस्तकं शिक्षकांनी तरी माहीत करून घ्यावीत. येवगेनी झाम्यातिनच्या ‘वुई’मध्ये माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत, आणि घरं काचेची आहेत. हे पुस्तक १९२४ मध्ये आधी इंग्रजीत छापून आलं. त्याच्या स्वतःच्या देशात, रशियात, ते छापायला १९८८ उजाडलं. जॉर्ज ऑर्वेलचं ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ चं. त्यात सरकार भाषेतले शब्दच कमी करत जातं, म्हणजे विरोधाचा विचार करायला शब्दच उरू नयेत. हा ऑर्वेल जन्मला बिहारमधल्या मोतिहारीत, १९०३ साली. मुलांना हे सांगितलं की त्यांना तो थोडा जवळचा वाटतो. लोइस लोरीचं ‘द गिव्हर’ १९९३ चं आहे. त्यात बारा वर्षांच्या मुलांना त्यांची कामं वरून नेमून दिली जातात आणि माणसांना रंगही दिसत नाहीत. अख्खं पुस्तक आपल्या मुलांना जड जाईल, पण त्यातलं पान-दीड पान न पाहिलेला उतारा म्हणून सहज वाचून घेता येतं.

एका गोष्टीत ‘मी’ हरवतो, दुसरीत ‘आपण’

अमेरिकेतल्या शाळांत आयन रँडचं ‘अँथम’ हे छोटं पुस्तक बऱ्याच ठिकाणी वाचलं जातं. ते १९३८ चं आहे. त्यातल्या जगात ‘मी’ हा शब्दच नाहीसा झालेला आहे. प्रत्येक माणूस स्वतःलाही ‘वुई’ म्हणतो. नायकाला शिकायचं असतं, पण मंडळ ठरवतं की तू रस्ते झाडायचे. शेवटी तो पळून डोंगरात जातो, तिथे जुनी पुस्तकं सापडतात आणि त्यात त्याला ‘मी’ हा शब्द मिळतो. तात्पर्य असं की माणूस एकटा श्रेष्ठ आणि समूह म्हणजे तुरुंग.

आता आपल्याकडच्या अनेकांनी शिकवलेली एक गोष्ट आठवा. आयझॅक असिमोव्हची ‘द फन दे हॅड’. १९५१ मध्ये लिहिलेली ही गोष्ट एनसीईआरटीच्या नववीच्या ‘बीहाइव्ह’मध्ये अनेक वर्षं पहिला धडा होती. साल २१५७. मार्जी अकरा वर्षांची. तिची शाळा घरातच, झोपायच्या खोलीशेजारी. शिक्षक म्हणजे एक यंत्र. तिच्या आईचं मत असं की प्रत्येक मुलाला त्याच्या त्याच्या डोक्याप्रमाणे वेगळं शिकवलं पाहिजे, आणि यंत्र ते काम चोख करतं. टॉमीला माळ्यावर जुनं छापील पुस्तक सापडतं. पूर्वी सगळी मुलं एका इमारतीत जमायची, एकच अभ्यास करायची, एकमेकांना मदत करायची, असं त्यात वाचून मार्जीला त्या मुलांचा हेवा वाटतो.

म्हणजे बघा. ‘अँथम’मध्ये ‘मी’ हरवला म्हणून जग भयंकर झालं. असिमोव्हच्या गोष्टीत प्रत्येकाला आपापला शिक्षक, आपापला वेग, सगळं स्वतंत्र मिळालं, आणि तरीही जग उदास झालं, कारण ‘आपण’ हरवला. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा आपल्या पाड्यांवर मोबाइलची रेंज शोधत डोंगरावर चढणारी मुलं होती आणि ज्यांच्याकडे मोबाइलच नव्हता अशीही होती. मार्जीची गोष्ट त्या मुलांना समजावून सांगावी लागत नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून शिकवल्या तर मूल स्वतःच विचारतं, ‘मग बाई, बरोबर कोणतं?’ तो प्रश्न पडला की अर्धा धडा झाला म्हणून समजा.

आम्ही की आपण?

आता आपल्या भाषेची गंमत. इंग्रजीत ‘वुई’ एकच. मराठीत दोन. समोरच्याला बाहेर ठेवलं तर ‘आम्ही’, आत घेतलं तर ‘आपण’. ‘आम्ही ठरवलंय’ आणि ‘आपण ठरवूया’ या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे! पहिल्यात तुम्हाला फक्त कळवलं जातं, दुसऱ्यात तुम्हाला विचारलं जातं.

मुलांना फळ्यावर लिहून विचारा: झाम्यातिनच्या पुस्तकाचं नाव मराठीत आणायचं तर काय ठेवाल, ‘आम्ही’ की ‘आपण’? दोन्ही बाजूंनी हात वर होतात. एका वर्गात एक मुलगा म्हणाला, “बाहेरून बघितलं तर आम्ही, पण त्यांना आतून वाटत असेल आपण.” हे उत्तर कुठल्या गाईडमध्ये नाही. डिस्टोपियातली सत्ता नेमकं हेच करते. ठरवणारे असतात ‘आम्ही’, पण लोकांना सांगितलं जातं की हे ‘आपण’ ठरवलं आहे. हा भेद इंग्रजीत समजावायला परिच्छेदभर लिहावं लागलं असतं, मराठी मुलाला दोन शब्दांत कळतो. आपली भाषा इंग्रजीच्या तासाला अडचण ठरते असं मानणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करून बघावा.

आपल्या मुलांच्या घरी तर वारली, धोडी, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी अशा कितीतरी समाजांच्या बोली आहेत, आणि तलासरीत सीमेपलीकडची गुजरातीही आहे. ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ हे जरूर विचारा. ऑर्वेलच्या पुस्तकातली शब्द कमी करणारी सत्ता शिकवताना, शाळेत आल्यावर घरचे शब्द गिळून टाकणाऱ्या मुलाचा विचार आपल्या मनात यायलाच हवा.

१९४५ मध्ये तीन गोष्टी घडल्या

ऑर्वेलचं ‘ॲनिमल फार्म’ १७ ऑगस्ट १९४५ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या तीन महिने आधी, २३ मे १९४५ रोजी, आपल्या तलासरी भागातल्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करायची नाही असं ठरलं. वेठ म्हणजे जमीनदाराकडचं फुकटचं सक्तीचं काम. त्याहून वाईट होता लग्नगडी. लग्नासाठी कर्ज घेतलं की माणूस त्या कर्जापायी जमीनदाराकडे गडी म्हणून बांधला जायचा. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळं लिहून ठेवलं आहे. १९७० च्या या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे त्यात गेले.

डिस्टोपिया ही काही दूरच्या भविष्याची कल्पना नाही, हे आपल्या मुलांना कळायला त्यांच्या पणजोबांचं आयुष्य पुरेसं आहे. स्वतःच्या कष्टावर, वेळेवर, लग्नावर ज्याचा हक्क नव्हता त्या माणसाकडे ‘मी’ हा शब्द होता का? तोंडात होता, पण त्याला किंमत नव्हती.

आणि इथेच आयन रँडची गोष्ट आपल्याकडे लागू पडत नाही. तिचा नायक एकटा डोंगरात पळतो आणि तिथे त्याला ‘मी’ सापडतो. झरीला कुणी पळालं नाही. एकट्या वारल्याने ‘नाही’ म्हटलं असतं तर फटके खाल्ले असते. हजारोंनी मिळून म्हटलं, तेव्हा प्रत्येकाला आपापला ‘नाही’ मिळाला. आपल्या भागात ‘मी’ जन्मला तो ‘आपण’च्या पोटी. म्हणून ‘समूह वाईट, एकटा चांगला’ असं तात्पर्य वर्गात लिहून देणं म्हणजे मुलांच्या घरचा इतिहास पुसणं आहे.

पण उलटं टोकही गाठू नका. आपला समूह नेहमीच शहाणा असतो असं नाही. एखाद्या बाईला भुताळी ठरवून वाळीत टाकणारा, मारहाण करणारा जमावही याच मातीत होऊन गेला आहे. अशा प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या जमावात कुणीतरी एकजण ‘हे मला पटत नाही’ म्हणून उभा राहावा लागतो. तेव्हा ‘आपण’ उपयोगाचा नसतो, तिथे ‘मी’च लागतो. मुलांसमोर दोन्ही ठेवा.

तिसरी गोष्ट राहिली. त्याच १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, जे पुढे कोसबाडच्या टेकडीवर रुजलं. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. माँटेसोरीची पद्धत त्यांनी घेतली, पण महागडी साधनं सोडून पानं, फुलं, बिया, खडे वापरले. बाहेरचा विचार घ्यावा कसा, याचा याहून चांगला नमुना आपल्याला कुठे मिळणार? आपणही डिस्टोपियाची गोष्ट बाहेरून घ्यावी आणि शिकवावी मात्र इथल्या मातीतून.

जिव्या सोमा म्हशे यांचं उदाहरण

व्यक्ती आणि समूह यांचा मेळ दाखवायला चित्रकलेच्या शिक्षकांनाही सोबत घ्या. वारली चित्रं मुळात लग्नाच्या वेळी बायका भिंतीवर काढत. त्यावर कुणाचं नाव नसे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी पुरुष असून आणि लग्नकार्य नसताना रोज चित्रं काढायला सुरुवात केली, कागदावर आणि कापडावर. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०११ मध्ये पद्मश्री. त्यांनी रीत मोडली, पण त्यांच्या चित्रांत काय दिसतं? तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून नाचणारी माणसं. एका माणसाने आपल्या हट्टाने वेगळी वाट धरली आणि त्या वाटेवर अख्खा समाज चालू लागला. व्यक्तिवाद म्हणजे स्वार्थ, असं समजणाऱ्या पालकांना मी हेच उदाहरण देते.

पालकांची शंका

पालकांची भीती मला ठाऊक आहे. “बाई, पोरगं आधीच ऐकत नाही, त्यात तुम्ही त्याला नाही म्हणायला शिकवणार?” दुसरे म्हणतात, “इंग्रजी नोकरीपुरतं आलं की झालं. वापीला, उंबरगावला, बोईसरच्या एमआयडीसीत लागला की सुटलो.”

पहिल्या शंकेला माझं उत्तर असं. उलट बोलणं आणि स्वतःचं मत मांडणं यात फरक आहे, आणि तो शिकवावा लागतो. मत मांडणाऱ्याला कारण द्यावं लागतं, दुसऱ्याचं ऐकावं लागतं, चूक निघाली तर बदलावं लागतं. ज्याला हे शिकवलंच नाही तो एक तर गप्प बसतो नाही तर तोंड टाकतो. घरी तुम्ही वैतागता ते या दुसऱ्या प्रकाराला.

दुसऱ्या शंकेला उत्तर असं. कंपनीत लागताना कागदावर सही करायची असते. तो कागद बऱ्याचदा इंग्रजीत असतो. सही करण्याआधी ‘यात काय लिहिलंय?’ असं विचारणारा मुलगा तुम्हाला हवा की नको? वीटभट्टीची उचल घेऊन पावसाळा संपला की घर सोडणारी कुटुंबं आजही आपल्या वर्गात आहेत. दिवाळीनंतर पटावर नाव असतं आणि बाक रिकामा असतो. आधी पैसे हातात देऊन नंतर माणूस बांधून घ्यायचा, ही पद्धत आपल्याला नवी नाही. ‘किती दिवसांचं काम, किती पैसे, हिशोब कोण ठेवणार?’ हे तीन प्रश्न विचारता येणं म्हणजे माझ्या मते इंग्रजीच्या पेपरातल्या पर्सनल रिस्पॉन्सचाच पुढचा भाग आहे.

पाच तासिकांत कसं बसवायचं?

पोर्शन संपत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून फक्त पाच तासिका.

पहिली तासिका: मार्जीची गोष्ट वाचा. आपल्या शाळेतली कोणती गोष्ट २१५७ च्या मुलीला आवडेल, याची यादी मुलांनी इंग्रजीत करायची. वाक्यं मोडकी चालतील.

दुसरी: ‘मी’, ‘माझं’, ‘मला’ हे शब्द न वापरता स्वतःविषयी पाच वाक्यं. आधी मराठीत, मग इंग्रजीत. मुलं हसतात, अडकतात आणि काहीतरी हरवल्याचं त्यांना जाणवतं. त्यानंतर ‘अँथम’चं कथानक दहा मिनिटांत सांगा. नावाऐवजी क्रमांक असलेल्या माणसांची गोष्ट सांगितलीत, तर त्या दिवशी ‘रोल नंबर तेवीस, उभा राहा’ असं न म्हणता नावाने हाक मारा.

तिसरी: आम्ही की आपण. ‘वुई’ असलेली दहा इंग्रजी वाक्यं द्या आणि कुठे आम्ही, कुठे आपण, ते कारणासह ठरवायला लावा. यातून व्याकरणही होतं.

चौथी: घरी जाऊन आजी-आजोबांना वेठीबद्दल, झरीबद्दल विचारून यायचं. जे कळेल ते चार वाक्यांत इंग्रजीत. कुणाच्या घरी काही माहीत नसेल तर तेही लिहायचं.

पाचवी: स्वतःची छोटी गोष्ट. ‘एका गावात सगळं छान आहे, फक्त एक गोष्ट बोलायला बंदी आहे.’ कोणती, ते मुलांनी ठरवायचं. दोन मुलांची गोष्ट सारखी निघाली तर दोघांनी एकत्र बसून एक बदलायची.

एक पथ्य मात्र आपण शिक्षकांनी पाळायचं. या गोष्टी वाचताना मुलं आजचे विषय काढतात. बुलेट ट्रेनची जमीन, वाढवणचं बंदर. आपापल्या घरात ऐकलेलं ती वर्गात बोलतात, आणि घरं दोन्ही बाजूंची असतात. तिथे आपलं मत फळ्यावर लिहू नका. चाळीस मुलांनी सरांचं मत उतरवून घेतलं तर आपणच वर्गात एक छोटा डिस्टोपिया तयार केला. ‘तू हे कशावरून म्हणतोस?’ एवढंच विचारा आणि समोरच्या बाकालाही बोलू द्या.

शेवटी एवढंच

दर वर्षीच्या पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर संविधानाची उद्देशिका असते. तिची सुरुवात ‘आम्ही’ने होते. पुढे व्यक्तीची प्रतिष्ठा येते, आणि ती येते बंधुतेच्या कलमात. व्यक्तीचा मान राखायचा कसा, तर एकमेकांचे भाऊबंद होऊन. जे झाम्यातिन आणि असिमोव्ह दोन टोकांना उभे राहून सांगतात ते आपल्याकडे एका ओळीत बांधलेलं आहे, आणि मुलं ते रोज बघतात.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला बाकीच्या महाराष्ट्राहून जास्त अधिकार आहेत. आज नववीत बसलेली मुलगी चार वर्षांनी त्या ग्रामसभेची सभासद होणार आहे. तिथे एखादा ठराव वाचला जाईल आणि विचारलं जाईल, सगळ्यांना मंजूर? दहा वर्षं वर्गात ‘समजलं का?’ला एका सुरात ‘हो’ म्हणायची सवय लागलेली मुलगी तिथे काय म्हणेल? आणि पटलं नाही तर उभं राहून ‘मला विचारायचं आहे’ म्हणण्याची सवय आपण तिला कधी लावली?

ती सवय दोन गुणांच्या प्रश्नापासून लावता येते. या सहामाहीत एकदा तरी गाईड बंद करून ‘तुला काय वाटतं?’ विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पहिलं उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ वर्गात शांतता झाली तरी चालेल.